माहेरच्या नावावरचं कर्ज

लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली. माहेरच्या आडनावाने आता मला कॉलेजातल्या दोन-तीन मैत्रिणी सोडल्या तर कोणी ओळखत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेतल्या एका अधिकारी बाईंनी ओळखलं. "हे नाव तुमचंच ना, मॅडम?" म्हणत त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. नाव माझंच होतं, लग्नाआधीचं. जन्मतारीख माझी, पॅन नंबर माझा. मोबाइल मात्र भलत्याचाच, पत्ता परराज्यातल्या एका शहरातला, आणि खाली ४८,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज. जानेवारी २०२४ मध्ये उचललेलं, एकही हप्ता न भरलेलं.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरावर मजला चढवायचा म्हणून गृहकर्जाची फाइल टाकली होती. पगार त्याच बँकेत जमा होतो, त्यामुळे कर्ज मिळणारच असं आम्ही धरून चाललो होतो. ह्यांनी तर गवंड्याला विसारही दिला होता. आजवर मी एकच कर्ज घेतलं, शिक्षकांच्या सोसायटीचं. त्याचा हप्ता पगारातून आधीच कापला जातो, थकवायचं म्हटलं तरी थकवता येत नाही. असं असून माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, ५७९. तो ३०० ते ९०० मध्ये मोजतात हेही मला त्याच दिवशी कळलं.

"भरून टाका आणि मोकळ्या व्हा, फाइल पुढे सरकवते," बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ह्यांनाही ते पटलं. पावसाळा संपला की काम सुरू करायचं होतं, विटांचा भाव ठरला होता, अठ्ठेचाळीस हजारांपायी सगळं कुठे अडवायचं? यावर आमच्या घरात दोन रात्री वाद झाला. माझं म्हणणं एकच होतं: जे घेतलं नाही ते भरलं, की घेतलं होतं असंच होणार. पुढचे सहा महिने मी या एका वाक्याला धरून बसले. मधे दोनदा हात सुटायची वेळ आली, ते पुढे येईलच.

आधी माझ्या नावावरच्या कर्जांच्या नोंदींचे अहवाल काढले. सिबिल सिबिल म्हणतो, पण ती अशा नोंदी ठेवणाऱ्या चारांपैकी एक कंपनी: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. वेबसाइटवर मात्र पैसे भरायचं बटण ठळक असतं आणि फुकटवालं कोपऱ्यात, शोधून काढावं लागतं. चारही अहवाल छापून घेतले आणि उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे लाल पेन घेऊन बसले. तिघांत ते एक कर्ज. चौथ्यात आणखी एक, मोबाइल फोनसाठी घेतलेलं, २२,५०० चं. नुसता सिबिलचा अहवाल पाहून थांबले असते तर हे दुसरं मला कळलंच नसतं. शिवाय 'एन्क्वायरी' या रकान्यात जानेवारीतल्या चार दिवसांत अकरा ठिकाणी माझ्या नावाने कर्ज मागितल्याची नोंद होती. नऊ जणांनी नाही म्हटलं असणार. त्या नऊ अनोळखी माणसांबद्दल मला फार माया वाटली.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. आता कोणी आपला अहवाल पाहिला की कंपनीकडून एसएमएस यायला हवा. पण तो अहवालात नोंदवलेल्या नंबरवर जातो, आणि माझ्या अहवालात वर कोणाचा नंबर बसला होता?

आता आडनावाचं. पॅनमधलं पाचवं अक्षर हे नंबर मिळाला तेव्हाच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. माझं पॅन लग्नाआधीचं, म्हणून त्यात माहेर कायमचं बसलंय. नाव बदलता येतं, नंबर बदलत नाही. मी नाव बदललं ते मे २०२२ मध्ये. पॅन आणि आधार जोडायचं होतं, आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, जुळेना. मग पॅनवरचं नाव दुरुस्त करून घेतलं आणि उशिराचा ५०० रुपये दंड भरून जोडणी केली. तेव्हा फार चिडले होते. हीच चिडचिड नंतर माझा सगळ्यात मोठा पुरावा ठरली. कर्ज जानेवारी २०२४ चं आणि नाव माहेरचं, म्हणजे ज्याने कोणी ते घेतलं त्याच्या हातात माझ्या जुन्या पॅनची झेरॉक्स होती, निदान पावणेदोन वर्षं शिळी. आणि ज्यांनी दिलं त्यांनी पॅनवरचं आजचं नाव जुळतंय का, हे धड पाहिलंच नव्हतं.

ती झेरॉक्स मी कुठे कुठे दिली असेल याची यादी करायला बसले. सिमकार्ड, गॅस कनेक्शन, दोन लॉज, एका चुलतबहिणीच्या लग्नात मंगल कार्यालय, सोसायटी, विमा, पोरांच्या शाळेतला प्रवेश, आणि दर वर्षी फॉर्म १६ च्या वेळी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सत्तावीसपर्यंत आल्यावर यादी सोडून दिली. कुठून फुटली ते मला आजही माहीत नाही.

कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टानेही. कस्टमर केअरला फोन करून काही होत नाही. तिथली मुलगी गोड बोलते, तक्रार क्रमांक देते आणि तीन दिवसांनी तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज येतो. पत्रात मी गयावया केली नाही, मागण्या केल्या: अर्जाची प्रत द्या, अर्जासोबतचा फोटो आणि कागदपत्रं द्या, सही किंवा ओटीपी कोणत्या नंबरवर झाला ते सांगा, आणि पैसे कोणत्या खात्यात गेले ते सांगा. ही शेवटची मागणी भाच्याने सुचवली. तो पुण्यात एका बँकेत आहे. म्हणाला, "मावशी, बाकी सगळं खोटं करता येतं. पैसा मात्र कुठेतरी खरोखरच जावा लागतो."

पत्राचं पहिलं फळ असं, की वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. इतके महिने ते कोणा भलत्याला शोधत होते. मी तक्रारीत माझा खरा मोबाइल नंबर आयताच त्यांच्या हातात दिला. पहिला फोन सकाळी सव्वासातला, परिपाठाची तयारी करत होते तेव्हा. "बाई, शिक्षिका आहात, शोभतं का?" म्हणाला. म्हणजे नोकरीही शोधून काढली होती. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे तोवर मी वाचलेलं होतं. ते ऐकवल्यावर त्याने फोन ठेवला आणि आठ वाजून एक मिनिटाने पुन्हा केला. शिस्त होती म्हणायची.

त्यांच्यातलाच एक जण फार समजूतदार निघाला. "मॅडम, तुम्ही घेतलं नाही हे मला पटतंय. पण माझ्याही वर साहेब आहेत. वीस हजार भरा, सेटल करून देतो, लेखी देतो." तेव्हा हात पहिल्यांदा सुटायला आला. वीस हजार म्हणजे अर्ध्याहून कमी, आणि डोक्याचा ताप गेला असता. भाच्याला विचारलं तर तो ओरडलाच. अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि वर्षानुवर्षं राहतो. त्याचा अर्थ, या बाईने कर्ज घेतलं होतं आणि पूर्ण फेडलं नाही. गृहकर्ज देणारा तो शेरा पाहून पुन्हा मान हलवणार, आणि ते कर्ज माझं नव्हतं असं म्हणायची सोय आपल्याच हाताने संपवलेली. त्या दिवसापासून मी फोनवर बोलणंच बंद केलं. "लेखी पाठवा" एवढं म्हणायचं आणि वहीत तारीख, वेळ, नंबर लिहायचा. शंभर पानी वही घेतली होती, बासष्ट पानं भरली.

पोलिसांकडे जायला मी घाबरत होते, खोटं कशाला बोलू. आधी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि तिची पोचपावती छापून घेतली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा तिथल्या माणसाने नीट समजावलं: तो नंबर मुख्यतः खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील तर, म्हणजे पुढच्या खात्यातच ते अडवून धरता येतात, तुमची गोष्ट कागदांची आहे, ठाण्यात जा. गेले. समोरच्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचे पैसे गेले का?"

"नाही."

"मग तुमचं गेलं काय?"

मला पटकन उत्तर सुचेना. म्हटलं, "गृहकर्ज गेलं." ते हसले, मीही हसले, आणि त्यांनी चहा मागवला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ क हे दुसऱ्याची ओळख चोरून वापरण्यासाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, म्हणून निरीक्षक साहेब येईपर्यंत बसावं लागलं. दोन तास. शाळेची अर्धी रजा गेली. त्या दिवशी अर्ज घेतला, शिक्का मारलेली प्रत दिली. गुन्हा दाखल व्हायला आणखी तीन फेऱ्या. पण खरं सांगायचं तर पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात त्या शिक्क्याच्या प्रतीचंच वजन पडलं. तोवर मी नुसती तक्रार करणारी बाई होते.

दरम्यान चारही कंपन्यांकडे ऑनलाइन हरकत नोंदवली. 'हे खातं माझं नाही' असा पर्याय असतो. माझी समजूत अशी, की त्या चौकशी करतील. त्या कंपन्या चौकशी करतच नाहीत. हरकत कर्ज देणाऱ्याकडे पाठवतात आणि तो म्हणेल ते लिहितात. सप्टेंबरात उत्तर आलं: कर्जदात्याने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, सबब बदल नाही. म्हणजे चोराच्या हातचं भांडं कोणाचं, हे चोराकडून भांडं घेणाऱ्यालाच विचारायचं. त्या रात्री दुसऱ्यांदा हात सुटायला आला. ह्यांनी मला काही म्हटलं नाही, नुसतं गवंड्याला फोन करून काम पुढे ढकलल्याचं सांगितलं. ते बरं वाटलं.

मग कंपनीकडून कागद आले. पत्र पाठवल्यापासून चोविसाव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मोबाइलवर. जुन्या पॅनची प्रत, त्यावर माझा तेविसाव्या वर्षीचा फोटो, दोन वेण्या घातलेला. आणि शेजारी अर्जासाठी काढलेली सेल्फी, दुसऱ्याच बाईची. तिशीतली असेल. मागे निळ्या रंगाची भिंत, खांद्यावर टॉवेल, जणू काम करता करता कोणीतरी सांगितलं, "जरा इकडे बघ." डोळे अवघडलेले. वर माझं नाव. मला राग यायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, हिला दोनशे-पाचशे रुपये दिले असतील आणि कशासाठी फोटो काढला तेही सांगितलं नसेल. तो फोटो मी खूप वेळ पाहिला. मग घंटा झाली, चौथीचा गणिताचा तास होता.

त्याच कागदांत खात्याची माहिती होती. पैसे ज्या खात्यात गेले ते माझ्या नावावर नव्हतं. खातेदार कोणी एक पुरुष. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले, त्यांत कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे असं स्पष्ट म्हटलंय. आता माझ्याकडे तीन गोष्टी झाल्या: पॅनवर नसलेलं नाव, माझा नसलेला चेहरा आणि कोणा तिसऱ्याचं खातं. तिन्ही त्यांच्याच कागदांतून आलेल्या. हे सगळं एका पानाच्या पत्रात लिहून, सोबत मे २०२२ च्या दुरुस्तीची पावती आणि पोलिसांच्या शिक्क्याची प्रत जोडून परत पाठवलं. एका पानाचं म्हणते कारण आधीचं पत्र पाच पानी होतं आणि ते कोणी वाचलं नव्हतं.

पहिल्या पत्राला तीस दिवस होऊन गेल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. २०२१ पासून एकच योजना आहे, बँक असो की मोठी वित्त कंपनी, तक्रार एकाच पोर्टलवर करायची, फी नाही, वकील लागत नाही. संस्थेला आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो. रजिस्टरची पावती इथे कामी आली. बाकी सांगण्यासारखं फार नाही. लोकपालाकडून पत्र गेलं आणि महिनाभराने, ऑक्टोबरच्या शेवटी, कंपनीचा तीन ओळींचा ईमेल आला: सदर कर्जखात्याशी आपला संबंध नसल्याचं आढळलं, नोंद काढण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तीन ओळी. मी तो छापून लॅमिनेट केला. ह्यांनी विचारलं, "आता देव्हाऱ्यात ठेवणार का?"

मोबाइलवालं दुसरं कर्ज जास्त चिवट निघालं. त्या कंपनीने खातं आपल्याकडून काढल्याचं डिसेंबरात कळवलं, पण अहवालात ते तसंच. हरकतीचं काम तीस दिवसांत झालं नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मी दिवस मोजून मागणी केली. जानेवारीत नोंद गेली आणि भरपाईचे १,९०० रुपये खात्यात आले. रक्कम किरकोळ, पण त्या पैशांचे पेढे मी शाळेत वाटले आणि कशाचे ते कोणालाच नीट सांगता आलं नाही.

कुलपं लावायचं काम मी मधल्या काळात केलं. संचारसाथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. माझ्या नावावर तीन निघाले, त्यातला एक ओळखीचा नव्हता. 'माझा नाही' असं कळवलं, बंद झाला. आधारचे बोटांचे ठसे आणि बुबुळं लॉक केली. त्या भरात सासऱ्यांचं आधारही लॉक केलं आणि विसरून गेले. नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला गेले, अंगठा लावतात तर यंत्र घेईना. अण्णा घरी येऊन म्हणाले, "सूनबाई, मी जिवंत आहे असं तुझ्याशिवाय कोणीच म्हणेना." लॉक तात्पुरतं उघडता येतं, दोन मिनिटांचं काम, पण अण्णा ती गोष्ट अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आणि हे लॉक ओटीपीला अडवत नाही, एवढं ध्यानात ठेवावं लागतं. चार फुकटचे अहवाल एकदम न काढता मी आता दर तीन महिन्यांनी एकेक काढते, म्हणजे वर्षभर कुठलातरी डोळा उघडा राहतो.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ ओढून कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहिते, मजकुरावरूनच, कडेला नाही; कडेचं कापता येतं. आधार द्यायची वेळ आली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत उतरवून घेते. विधानसभा निवडणुकीच्या ड्युटीवेळी ग्रुपवर मेसेज पडला, सर्वांनी पॅन, आधार, पासबुक आजच टाकावे. बारा मिनिटांत चाळीस जणांची कागदपत्रं ग्रुपवर. मी साहेबांना प्रत्यक्ष नेऊन दिली. "तुम्हाला ग्रुपवर विश्वास नाही का मॅडम?" असं एका सरांनी विचारलं. नाही म्हटलं.

गृहकर्ज फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झालं. विटा महागल्या होत्या.

मार्चमध्ये एका दुपारी दुसरीच्या मुलांना चित्र काढायला कागद हवे होते. ऑफिसच्या कपाटात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो, वाया गेलेल्या झेरॉक्सचा. मी नोकरीला लागल्यापासून आम्ही तोच वापरतो, कागद वाया घालवायचा नाही म्हणून. वाटला. मुलं रंगवायला बसली. एका मुलीने आंब्याचं झाड काढून माझ्यासमोर धरलं, खिडकीतून उजेड येत होता, आणि झाडाच्या आतून एका बाईचा चेहरा दिसायला लागला. मी कागद उलटा केला. तिच्याच वर्गातल्या कोणाच्या तरी आईचं आधार कार्ड, दोन्ही बाजू, बाराही आकडे स्वच्छ.

"बाई, झाड चुकलं का?" तिने विचारलं.

नाही म्हटलं, आणि सगळ्यांना वहीचं कोरं पान फाडून दिलं. अठ्ठावीस चित्रं माझ्या पिशवीत घालून घरी नेली.